मावळचे हितचिंतक

निंदकाला उत्तर देणे सोपे असते. स्तुतिपाठकाला उत्तर द्यावयाचे म्हटले की माणसावर कृतघ्नपणाचा आरोप येतो, आणि मावळ तालुक्यातील माणसावर तो हल्ली सर्रास येऊ लागला आहे. मुंबईहून बोरघाट चढून आणि पुण्याहून सोमाटण्याचा टोलनाका ओलांडून जे सुशिक्षित, सुस्थित आणि सहृदय लोक शनिवारी आमच्याकडे येतात व रविवारी रात्री परत जातात, त्यांचे मावळावर प्रेम आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती एवढीच की, ज्या मावळावर त्यांचे प्रेम आहे तो या भूतलावर नेमका कोठे आहे. ही प्रेमाची भाषा वर्षानुवर्षे निमूटपणे ऐकून घेतल्यावर तिचा एकदा सविस्तर समाचार घेणे प्राप्त झाले आहे.

या प्रेमाचे सार थोडक्यात असे: मावळ हा निसर्गाचा वरदहस्त लाभलेला प्रदेश असून पाऊस, धबधबे, धुके आणि हिरवाई हेच त्याचे वैभव होय. तेथे विलक्षण शांतता नांदते, कारण तेथे विशेष असे काही घडत नाही, आणि किल्ल्यांचा काळ सोडला तर पूर्वीही फारसे घडलेले नाही. लोणावळा हे त्याचे मुखकमल. बाकी तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली ही गाडीच्या खिडकीतून दिसणारी स्टेशने, जेथे उतरण्याचे कोणालाही कारण नाही. शेती तेथे अजून काही लोक करतात, परंतु ती परवडत नाही. तेव्हा शहाण्याने चांगला भाव आहे तोवर जमीन विकावी, मुलाने मक्याच्या कणसांची टपरी टाकावी किंवा बंगल्याची राखण पत्करावी, आणि पर्यटनाच्या पावलांनी घरी आलेल्या लक्ष्मीचे हसतमुखाने स्वागत करावे. ही विचारसरणी मी दिवाणखान्यांतून ऐकली आहे, जमिनींच्या जाहिरातींतून वाचली आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की, फेटा बांधून भातपीक स्पर्धेची बक्षिसे वाटणाऱ्या आमच्याच काही पुढाऱ्यांच्या तोंडूनही, बक्षीस समारंभ आटोपल्यावर, ऐकली आहे. तिच्यातले एकही विधान तपासणीला पुरते टिकत नाही.

आरंभ त्या हिरवाईपासूनच करू, कारण सगळ्या गैरसमजांचे मूळ तेथे आहे. आषाढात कामशेतहून नाणे मावळाकडे किंवा पवनानगरच्या रस्त्याला वळल्यावर दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली जी पोपटी पसरण दिसते, आणि जी पाहून गाडीतल्या मंडळींच्या तोंडून ‘काय हा निसर्ग!’ असा उद्गार बाहेर पडतो, ती निसर्गाने केलेली नाही. निसर्गावर सोपविले असते तर या उतारांवर करवंदीच्या जाळ्या, कारवी आणि गवत माजले असते, आणि घाटमाथ्यावर कोसळणारे पाणी माती घेऊन थेट इंद्रायणीत, पवनेत आणि आंद्रेत गेले असते. कोणा एका पिढीने हा उतार खणून सपाट केला, दगडमातीचे बांध घातले, पाणी एका खाचरातून खालच्या खाचरात बेताने उतरावे म्हणून प्रत्येक बांधाला नेमक्या जागी तोंड ठेवले, आणि पुढच्या प्रत्येक पिढीने पावसाने फोडलेला बांध पुन्हा घातला, तेव्हा हे दृश्य उभे राहिले. चैत्र-वैशाखात, पाहुणे जेव्हा महाबळेश्वरास गेलेले असतात, तेव्हा येथे राब भाजण्याचे काम चालते: रोपे जेथे वाढवावयाची त्या तुकड्यावर शेणाचा, त्यावर डहाळ्यांचा व पालापाचोळ्याचा, त्यावर गवताचा थर घालून वरून बारीक माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट अंगाने ते पेटवून देतात, म्हणजे तणाचे बी जळून जाते आणि जमीन रोपाला मऊ होते. पाऊस लागला की त्यात बी पडते. तीन-चार आठवड्यांत रोप हाताशी आले की ते उपटून त्याच्या मुठी बांधतात, आणि चिखलणी केलेल्या खाचरात, डोक्यावर पूर्वी इरले आणि आता प्लॅस्टिकचा कागद घेऊन, बायका दिवसभर ओणव्या राहून एकेक चूड लावीत मागे मागे सरकत जातात. चारसूत्री पद्धतीने लावण असेल तर दोरी धरून अंतरही मोजावे लागते. पाहुणा नेमक्या याच वेळी गाडी थांबवून छायाचित्र काढतो, ते चार लोकांत मिरवितो, आणि त्याखाली मावळच्या निसर्गाचे गुणगान लिहितो. ज्या निसर्गाला दर वर्षी बियाणे, खत, पॉवर टिलरचे भाडे आणि बाईच्या कमरेचा बाक लागतो त्याला निसर्गच म्हणावयाचे असेल, तर पैठणीला रेशमाच्या किड्याची करामत म्हणण्यासही हरकत नसावी!

हा केवळ शब्दांचा कीस असता तर मी तो काढलाही नसता. परंतु शोभा निसर्गाची आहे असे एकदा ठरले की शेतकरी तिच्यातून वजा होतो, आणि तो वजा झाला की त्याची जमीन ही शोभा पाहण्याची एक उत्तम बैठक तेवढी उरते. मग ती बैठक विकत घेण्याचे विचार सुरू होतात. आपल्याकडे 1948 चा कुळकायदा आहे, आणि त्याच्या 63 व्या कलमान्वये शेतकरी नसलेल्या इसमाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. या कलमाचा आमच्या तालुक्यावर झालेला विनोदी परिणाम असा की, महसुली दप्तरात ज्यांची शेतकरी म्हणून नोंद आहे, अशा कित्येक गृहस्थांना भाताचे रोप आणि शेजारचे गवत यांतला भेद राखणदाराला विचारून घ्यावा लागतो. कोठल्यातरी दूरच्या जिल्ह्यातला आजोबांचा सातबारा शोधून काढावयाचा, खरेदीखत करावयाचे, फेरफार मंजूर करून घ्यावयाचा, भोवती उंच भिंत घालावयाची, फाटकावर ‘ग्रीन’ या शब्दाने सुरू होणारे नाव लावावयाचे, आणि आत खाचरे बुजवून हिरवळ पसरावयाची! ज्या दृश्यासाठी जमीन घेतली ते दृश्य घेणाऱ्याच्याच भिंतीने नाहीसे होते, वरच्या खाचराचे पाणी खाली जाण्याचे वर्षानुवर्षांच्या वहिवाटीचे तोंड बंद होते, आणि खालचा शेतकरी मामलेदार कचेरीत कैफियत घेऊन उभा राहतो. निसर्गावर प्रेम करणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला आहे काय?

शांततेचे म्हणाल तर ती मला अजून आढळायची आहे. पहाटेच्या लोणावळा लोकलला दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, चाकण-पिंपरीच्या पाळीला निघालेले कामगार आणि कॉलेजची मुले यांची जी झुंबड उडते ती ज्याने पाहिली आहे, दिवाळीनंतर भातगिरण्यांच्या आवारात ट्रॅक्टर आणि टेम्पो यांची रांग ज्याने पाहिली आहे, आणि हरिनाम सप्ताहात मृदंगाचा आवाज एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जाताना ज्याने ऐकला आहे, त्याला ‘मावळची निःशब्द शांतता’ हे शब्द वाचून हसू आल्याखेरीज राहणार नाही. पाहुण्याला शांतता वाटते याचे कारण सरळ आहे: तो स्वतः रिकामा असतो आणि आवाजांतला एकही त्याच्या कामाचा नसतो. उलट आमच्याकडे अनावर आणि निरर्थक असा जो एकच आवाज आहे, तो रविवारी दुपारी भुशी धरणाच्या रस्त्यावर अडकलेल्या मोटारींच्या भोंग्यांचा, आणि तो आम्ही केलेला नाही.

आता ‘तेथे काही घडत नाही’ या विधानाकडे वळू. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाणारे लोक हल्ली तेथील खांबांपेक्षा एकमेकांचीच छायाचित्रे अधिक घेतात, त्यामुळे तेथील भिंतींवर काय कोरले आहे हे त्यांच्या नजरेस पडत नसावे. नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याचा एक लेख तेथे आहे. वलूरकाच्या लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी आपण करजिक नावाचे गाव दिले, असे त्यात म्हटले आहे; आणि पुढे क्षत्रपांचा पाडाव झाल्यावर सातवाहन राजाने तेच गाव भिक्षूंकडे कायम केल्याचा हुकूम मामाळच्या, म्हणजे आमच्या मावळच्या, अमात्याच्या नावे काढल्याचा दुसरा लेखही त्याच ठिकाणी आहे. राजवट पालटली, दान चालू राहिले, आणि अंमलबजावणी तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे आली: सुमारे 1900 वर्षांपूर्वीचे हे महसुली दप्तर दगडात शाबूत आहे. पावसाळा घालविण्यासाठी मावळात येऊन राहण्याची कल्पना, तेव्हा, आधुनिक पर्यटकाने शोधून काढली अशातला भाग नाही. बौद्ध भिक्षू ती दोन सहस्रकांपूर्वी आचरणात आणीत होते. फरक एवढाच की, आपण ज्याचे अन्न खातो ते शेत कोणते, ते गाव कोणते, हे त्या पाहुण्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी कोरून ठेवले होते. आजच्या पाहुण्याला आपल्या ताटातला भात कोठला, असे विचारून पाहावे.

आणि वडगाव? 1779 च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसविण्याच्या मनसुब्याने बोरघाट चढून आली, कार्ल्याच्या मुक्कामी तिचा ज्याला मराठे इष्टुर फाकडा म्हणत तो स्ट्युअर्ट नावाचा शूर कप्तान मारला गेला, आणि ती तळेगावापर्यंत पोहोचली तेव्हा तिच्या पुढे उजाड मुलूख होता. महादजी शिंदे आणि पुणे दरबार यांनी वाटेवरचा दाणागोटा व वैरण शत्रूच्या हाती लागू नये अशी तजवीज केलेली होती. माघार घेणारी ती फौज वडगावाशी कोंडली गेली आणि तेथे इंग्रजांनी तहावर सही केली. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग तलवारीच्या पराक्रमाचा म्हणून येतो. परंतु ज्या फौजेला वाटेत धान्य मिळाले नाही तिचा पराभव निम्मा तेथेच झाला होता, आणि आपले उभे शेत व भरलेली कणगी त्या राजकारणापायी ज्यांनी गमावली असेल त्या कुणब्यांची नावे मात्र कोणत्याही तहनाम्यात नाहीत. वडगावच्या स्टेशनावर उतरण्याचे कारण नाही, असे म्हणणाऱ्यांनी निदान एवढ्यापुरते उतरून पाहावे.

अलीकडच्या काळाचे पाहिले तरी हीच गोष्ट. तळेगावात 1908 साली अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीने आणि लोकमान्यांच्या पाठबळाने, घरोघर एकेक पैसा मागून जमविलेल्या पैसा फंडातून काचेचा कारखाना निघाला, आणि तेथे हात तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या अनेक काचकारखान्यांत गेले. लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले आणि योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेच्या मापाने मोजण्यास आरंभ केला. त्या वेळी योग हा शब्द जगातल्या फॅशनच्या दुकानांत पोहोचलेला नव्हता. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या परिसरातील वनस्पतींची पायपीट करून नोंद केली व 1953 साली तिचा ग्रंथ झाला. गो. नी. दांडेकर तळेगावास राहिले आणि त्यांनी या डोंगरांवर ‘पवनाकाठचा धोंडी’ व ‘माचीवरला बुधा’ लिहिले. हा बुधा हल्ली बंगलेवाल्यांचा फार लाडका झाला आहे. मुंबई सोडून राजमाचीवर जाणारा माणूस म्हणून ते त्याच्यात आपले प्रतिबिंब पाहतात. त्यांना नम्रपणे इतकेच सांगावयाचे की, बुधा आपल्या बापजाद्यांच्या जागी परत आला होता. तो दुसऱ्याच्या बापजाद्यांची जागा विकत घेऊन आला नव्हता.

यानंतर येते ती लक्ष्मी. आमच्यावर शहरांचे उपकार आहेत, असे आम्हांला वारंवार ऐकविले जाते. तेव्हा एकदाचे हे देणे-घेणे जमाखर्चाच्या वहीत मांडूनच पाहू. 1911 च्या फेब्रुवारीत वळवण धरणाची कोनशिला बसली आणि 1915 च्या फेब्रुवारीत खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. लोणावळ्यावर वर्षाकाठी जो 4,000 मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो आणि जो इंद्रायणीने भीमेला न्यावयाचा, त्यातला मोठा हिस्सा तेव्हापासून डोंगर पोखरून नळांवाटे कोकणात उतरविला जातो. पुढे आंद्रेवर ठोकळवाडीचे धरण झाले. शेजारच्या मुळशीत तर अशाच धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला, आणि तरीही धरण झालेच. पवनेच्या धरणाने पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक नगरीची तहान भागविली, आणि त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचे अर्ज दशकानुदशके या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले. 9 ऑगस्ट 2011 रोजी, पवनेचे पाणी बंद नळातून शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे शेतकरी ठार झाले. त्यांत एक बाई होती. मुंबईला वीज, उद्योगनगरीला पाणी, दोघांना जोडणारे रेल्वेमार्ग आणि रस्ते यांसाठी जमीन, आणि शनिवार-रविवारी दोघांनाही हवा: एवढे सगळे देणाऱ्या तालुक्याला तुमच्या मक्याच्या कणसांच्या गिऱ्हाइकीबद्दल ऋणी राहण्यास सांगणे, यासाठी मोठेच धैर्य लागत असले पाहिजे.

बरे, ती गिऱ्हाइकी तरी कोणत्या स्वरूपाची? लोणावळ्याहून परतणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चिक्कीचा पुडा असतो. चिक्कीशी माझे भांडण नाही. रेल्वेच्या प्रवाशांच्या जोरावर ती वाढली आणि अनेक घरांना तिने पोसले आहे. परंतु तिच्यातला शेंगदाणा बाहेरच्या मुलखातून येतो, आणि मावळची आठवण म्हणून जी वस्तू लाखो लोक घेऊन जातात तिच्यात मावळच्या खाचरातला एक कणही नसतो, ही गोष्ट सूचक म्हणावी लागेल. आणि या गर्दीची दुसरी बाजू कोणी मोजीत नाही. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 रोजी, रविवारी, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. शेतकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी बांधलेला तो पूल होता. मेलेल्यांना दोष देण्याचा अधमपणा माझ्या हातून होणार नाही. परंतु दरसाल पावसाळा आला की आमच्या ओढ्यांवर, धरणांवर आणि किल्ल्यांवर मनाई हुकूम जारी करावे लागतात, आणि तरीही हीच गर्दी म्हणजे आमच्या उत्कर्षाचा राजमार्ग असे जे सांगतात, त्यांना ज्या रविवारी बाळंतिणीची गाडी या गर्दीतून लोणावळ्याच्या दवाखान्याकडे न्यावयाची असते त्या रविवारी येथे येऊन राहण्याचे माझे आमंत्रण आहे.

राहता राहिला मुख्य मुद्दा: शेती परवडत नाही. या विधानात सत्याचा अंश आहे, आणि तो मी नाकारीत नाही. गुंठ्यांत मोजावी अशी धारणा, लावणीच्या दिवसांत न मिळणारा मजूर, आणि पिकाच्या उत्पन्नाशी काहीही संबंध न राहिलेला जमिनीचा भाव, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण परवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे की, ज्या इंद्रायणी तांदळाचा मऊ भात ते वर्षभर वरणाशी कालवून खातात, तो याच तालुक्यात जन्मला? वडगावच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून निघालेला हा वाण 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराचा सुवास जगजाहीर, परंतु तो उंच वाढून वाऱ्यापावसात लोळतो, करप्याला बळी पडतो आणि उतारा थोडा देतो. आयआर 8 भरपूर पिकतो, पण त्याच्या भाताला ना वास ना चव. या दोघांचा मेळ घालणारे काम कोणा महानगराच्या चकचकीत प्रयोगशाळेत झाले नाही. पाहुणे ज्या वडगावावरून न थांबता जातात तेथे, चिखलात पाय रोवून झाले. आज त्या तांदळाचे नाव एवढे मोठे झाले आहे की, भलत्याच मुलखातला भलताच तांदूळ पोत्यावर ‘इंद्रायणी’ किंवा ‘आंबेमोहर’ छापून शहरांत विकला जातो. ज्या मालाची नक्कल करण्यात व्यापाऱ्यांना नफा आहे, तो पिकविणाऱ्याला मात्र तोटा होतो, हे अर्थशास्त्र कोणाच्या हातचे? पाहुणा ‘फार्म स्टे’च्या एका रात्रीचे दाम मागितल्याबरोबर मोजतो, आणि त्याच रस्त्यावर पोते मांडून बसलेल्या म्हातारीशी किलोमागे पाच रुपयांची घासाघीस करतो. शेती परवडत नाही हे खरे. ती परवडू न देणारी माणसे कोण, हे त्याच वाक्यात पुढे सांगावयास हवे.

शिवाय शेती संपली, असे ज्यांनी ठरवून टाकले आहे त्यांनी डोळे उघडून फिरावे. पवन मावळातल्या पॉलिहाउसांतून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गुलाबांच्या पेट्या परदेशी रवाना होतात, आणि त्या मुदतीला फुले काढणीस यावीत म्हणून आदल्या वर्षाच्या अखेरीसच छाटणीचे दिवस नेमावे लागतात. भाताचे पीक निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर वाल, मसूर, हरभरा उभा राहतो. कासारसाईच्या बाजूला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना ऊस गाळतो. हे सर्व करणारा मनुष्य मागासलेला, आणि त्याची जमीन घेऊन तीवर वर्षातून दहा दिवस खुर्ची टाकून बसणारा प्रगत, ही व्याख्या ज्यांनी केली त्यांनी ‘प्रगती’चा काही नवा अर्थ शोधून काढलेला दिसतो.

‘पण तुम्ही तेथे संध्याकाळी करता तरी काय?’ असा एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्यात करुणा ओतप्रोत भरलेली असते. आपल्या फ्लॅटमध्ये सायंकाळी आपण काय करतो, याचे उत्तर हा प्रश्नकर्ता कधी देत नाही. असो. ज्येष्ठात आमच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्रापुढे उभे राहिले असता, कोणत्या बियाण्याची उगवण गेल्या साली कमी झाली, कोणाच्या विहिरीचे पाणी कोठवर गेले आणि कोणाच्या मुलीचे लग्न भात निघेतो लांबले, हे सगळे एका तासात कळते, आणि त्यातले प्रत्येक वृत्त उद्या कोणाच्यातरी उपयोगी पडणार असते. दिवाळीनंतर कामशेतच्या बाजारात नव्या तांदळाचा वास सुटतो. दुकानदार गिऱ्हाइकाला आपण होऊन बजावतो की, हा इतक्यात शिजवू नका, गिचका होईल, थोडा जुना होऊ द्या, आणि घाई असेल तर गेल्या सालचा घ्या. विकावयाचा माल हातात असताना तो विकत घेऊ नका म्हणणारा व्यापारी मी मोठ्या शहरात क्वचितच पाहिला आहे. वडगावचा पोटोबा आणि तळेगावचा डोळसनाथ यांच्या उत्सवात गावकी अजून एकत्र बसते, भांडते आणि जेवते. सुदुंबऱ्यास, तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाड्यांच्या समाधीवर, ज्याला अक्षरओळख नाही असा म्हातारा गाथेतले अभंग मुखोद्गत म्हणताना आढळतो. लावणीच्या दिवसांत आज तुमच्या खाचरात आणि उद्या माझ्या, अशी सावड चालते, आणि ज्याने सावड बुडविली त्याच्याविषयीचे मत गावात कायमचे पक्के होते. ही राहणी सर्वांनाच मानवेल असे नाही. कोणाची नजर आपल्यावर असू नये असे ज्याला वाटते त्याने शहरातच राहावे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु येथे कंटाळा येतो म्हणणाऱ्याने आपल्याला कोणते काम येते, याचा आधी विचार करावा.

यावर एक अखेरचा आक्षेप येणार हे मला दिसते. मी पाहुण्यांच्या विरुद्ध आहे, मावळभोवती वेस घालू पाहणारा संकुचित मनुष्य आहे, असे म्हटले जाईल. हा आरोप खोटा आहे. ज्या मुलखात भिक्षू आले, कोकणातून माल घेऊन बैलांचे तांडे आले, रेल्वेचे मजूर आले, आणि ज्याच्या एकवीरेला दर चैत्रात कोळ्यांच्या आणि आगऱ्यांच्या पालख्या मुंबई-रायगडाहून वाजतगाजत येतात, त्या मुलखाला पाहुण्याचे वावडे असणे शक्यच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मावळ ही दोन महानगरांमधली मोकळी पडलेली जागा नाही. तो भात पिकविणारा, बाजार भरविणारा, दप्तर ठेवणारा आणि दोन हजार वर्षे अव्याहत वसलेला मुलूख आहे, आणि त्याचे सौंदर्य त्या कामाचेच आहे. काम थांबले की उरेल ते गवत, आणि गवत पाहण्यासाठी कोणी टोल भरीत नाही.

तेव्हा वाचकहो, अवश्य या. पण पुढच्या खेपेस आषाढातल्या रविवारी येण्याऐवजी मार्गशीर्षात, आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, लोकलने या. कामशेतला उतरा, गिरणीपर्यंत चालत जा, आपल्या डोळ्यांदेखत भरडलेला इंद्रायणी घ्या आणि मागितला तो भाव द्या. घासाघीस करू नका, आणि कृपा करून, जाताना जमिनीचा भाव विचारू नका.